खालची दाढ काढल्यावर ब्रिजसाठी शेजारचा निरोगी दात घासू द्यावा का?

नाशिकरोडकर
सर्वांना नमस्कार. माझे वय ५८ वर्षे असून गेल्या जूनमध्ये माझी खालच्या उजव्या बाजूची पहिली दाढ काढावी लागली. दाढ उभी चिरली होती आणि ती वाचवण्यासारखी राहिलेली नाही, असे दोन डॉक्टरांनी एकमताने सांगितल्यावरच मी तयार झालो. आता आठ महिने झाले आहेत. जखम भरून हिरडी घट्ट झाली आहे, परंतु त्या बाजूने भाकरी चावता येत नाही आणि सगळे खाणे डाव्या बाजूने होत असल्यामुळे संध्याकाळपर्यंत डावा जबडा ठणकू लागतो.

डॉक्टरांनी तीन दातांचा ब्रिज सुचवला आहे. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करायचे, त्यांवर कॅप बसवायच्या आणि त्या दोन कॅपना जोडलेला कृत्रिम दात मधल्या जागेवर आणायचा, इतके मला समजले. मागच्या दाढेबद्दल माझी तक्रार नाही. तिचे सहा वर्षांपूर्वी रूट कॅनॉल झाले आहे, कॅप बसवायची राहून गेली आणि तिला ती लागणारच आहे. प्रश्न पुढच्या उपदाढेचा आहे. तिला आजवर कीड लागलेली नाही, ती कधी दुखलेली नाही. एका गेलेल्या दाढेपायी तिचे कवच कायमचे घासून टाकायचे, हे मनाला पटत नाही.

धातूवर सिरॅमिक चढवलेल्या ब्रिजचा खर्च प्रत्येक दातामागे पाच हजार, म्हणजे एकूण पंधरा हजार रुपये सांगितला आहे. इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचा, आकडा कॅपसह पस्तीस हजार आहे, आणि मागच्या दाढेची कॅप त्याशिवाय वेगळी. मला मधुमेह आहे, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.१ आहे. ज्यांनी ब्रिज बसवून बरीच वर्षे वापरला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

विजया_सिडको
काका, माझा खालच्या डाव्या बाजूचा तीन दातांचा ब्रिज या गुढीपाडव्याला चौदा वर्षांचा होईल. या काळात तो एकदाही सुटला नाही. मी ज्वारीची भाकरी, चिवडा, शेंगदाणे सगळे त्या बाजूने खाते. फक्त सुपारी आणि कडक चिक्की सोडली आहे. बसवल्यावर पहिले दहा-बारा दिवस जीभ सारखी तिकडे जात असे आणि गार पाण्याने एक दात शिवशिवत असे. ते पुढे आपोआप थांबले. मला तरी ब्रिजचा पश्चात्ताप झालेला नाही.

ओझरकर
माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे आणि तो सांगणे मला आवश्यक वाटते. माझा ब्रिज पाच वर्षांत गेला. चौथ्या वर्षी तोंडाला वास येऊ लागला. मी पोटाचा विकार समजून औषधे घेत राहिलो. प्रत्यक्षात ब्रिजची एक बाजू सिमेंट विरघळून सुटली होती आणि दुसरी घट्ट असल्यामुळे तो हलत नव्हता. सुटलेल्या कॅपखाली अन्न आणि लाळ साचून आतला दात पूर्ण कुजला. ब्रिज कापून काढला तेव्हा त्या दाताचा हिरडीच्या वर काही भागच उरला नव्हता, त्यामुळे तोही काढावा लागला. एका दाताची पोकळी दोन दातांची झाली.

ज्यांनी ब्रिज बसवला, त्यांनी कृत्रिम दाताखालची जागा रोज स्वच्छ करायची असते, हे मला एका शब्दानेही सांगितले नव्हते. दर सहा महिन्यांनी दाखवायला यावे, असेही सांगितले नाही. मला वाटले, दात कॅपने झाकला म्हणजे त्याला आता कीड लागणार नाही. हा समज किती चुकीचा आहे, ते मला एक दात गमावून कळले. नाशिकरोडकर काका, तुमचा निरोगी दात घासू देऊ नका.

दंतवैद्य_पंचवटी
मी कृत्रिम दंतशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले असून बरीच वर्षे हेच काम करतो आहे. तोंड आणि क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, म्हणून येथे फक्त विचार कसा करावा एवढेच लिहितो.

घासलेले दंतकवच पुन्हा तयार होत नाही, हे खरे आहे. धातू-सिरॅमिक कॅपसाठी चावण्याच्या पृष्ठभागावरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर आणि बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर भाग काढावा लागतो. अखंड झिर्कोनियाला, म्हणजे आत धातू नसलेल्या मजबूत सिरॅमिकला, त्यापेक्षा कमी जागा पुरते. दात जिवंत असेल तर बहुतेक वेळा तो हा आघात सहन करतो, परंतु काही दातांची नस पुढील वर्षांत मृत होते आणि कॅपला छिद्र पाडून रूट कॅनॉल करावे लागते. हा धोका रुग्णाला आधी सांगितला पाहिजे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात सुमारे ८९ टक्के ब्रिज दहा वर्षांनंतरही तोंडात टिकून असल्याचे आढळले होते. त्यामुळे विजयाताईंचा अनुभव दुर्मीळ नाही. ओझरकरांचाही नाही, कारण ब्रिज निकामी होण्याची जी कारणे आम्ही नेहमी पाहतो त्यांत कॅपच्या कडेखाली लागलेली कीड अगदी वरच्या क्रमांकावर असते. सिरॅमिकला कीड लागत नाही, पण कॅपची कड जेथे संपते तेथून पुढचा दात तुमचाच असतो.

नाशिकरोडकर, तुम्ही सगळी चिंता उपदाढेची करत आहात. माझे लक्ष मागच्या दाढेकडे जाते. रूट कॅनॉल होऊन सहा वर्षे कॅपविना राहिलेली दाढ आतून कोणत्या स्थितीत आहे, मुळाच्या टोकाशी सूज आहे का, हिरडीच्या वर भक्कम भाग किती उरला आहे, हे कळल्याशिवाय ब्रिजचा निर्णय कोणीही घेऊ नये. तुमच्याकडे तिचे अलीकडचे क्ष-किरण चित्र आहे का?

नाशिकरोडकर
डॉक्टर, आपण इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. जून महिन्यातील चित्र आहे, पण ते काढायच्या दाढेचे होते आणि मागची दाढ त्यात अर्धीच दिसते. या दृष्टीने मी विचारच केला नव्हता. मला एक शंका आहे. मागच्या दाढेला कॅप लागणारच आहे, तर कृत्रिम दात तिच्या एकटीच्याच कॅपला जोडून पुढे अधांतरी ठेवता येणार नाही का? उपदाढ आपोआप वाचेल.

निवृत्त_अभियंता
मी मेरीत, म्हणजे दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, नोकरी केली आहे. दातांचे मला ज्ञान नाही, पण भारवहनाचे आहे, म्हणून लिहितो. आपल्या अहिल्यादेवी होळकर पुलाचा प्रत्येक गाळा दोन्ही बाजूंनी टेकलेला आहे. त्यावरून वाहन गेले की वजन दोन्ही खांबांवर वाटले जाते आणि खांब मुख्यतः खाली दाबला जातो. आपण सुचवता ती रचना सज्जासारखी आहे. सज्जाच्या टोकावर भार आला की आधार केवळ दाबला जात नाही, तो पिळवटून एका अंगाला ओढला जातो. चावताना तोंडात हे दिवसातून शेकडो वेळा होणार. ज्या आधाराच्या मजबुतीबद्दल आधीच शंका आहे, त्याच्यावर सज्जा काढावा, असे मी तरी कोणाला सुचवणार नाही.

दंतवैद्य_पंचवटी
अभियंतासाहेबांनी अचूक सांगितले. एका बाजूने आधार असलेला ब्रिज आम्ही करतो, पण तो बहुधा पुढच्या, कमी भार येणाऱ्या दातांसाठी. रूट कॅनॉल झालेल्या दाताच्या एकट्याच्या आधारावर दाढ टांगणे, हा सर्वांत लवकर मूळ चिरण्याचा मार्ग आहे. १९२६ साली अँटे यांनी मांडलेला एक नियम आम्हाला विद्यार्थिदशेत शिकवतात. आधार देणाऱ्या दातांच्या हाडात रुतलेल्या मुळांचे क्षेत्रफळ, ज्या दातांची जागा भरायची त्यांच्या मुळांच्या क्षेत्रफळाइतके तरी असावे, असा तो नियम आहे. आज तो काटेकोर मोजमापासारखा लावला जात नाही, तरीही मुळाचा विचार आधी आणि दिसण्याचा नंतर, ही सवय त्याने लावली.

मृण्मयी_इंदिरानगर
विषय दातांच्या ब्रिजचाच आहे, म्हणून विचारते. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळताना चेंडू लागून त्याचा वरचा पुढचा एक दात मुळासकट गेला. दोन्ही बाजूंचे दात धडधाकट आहेत. इम्प्लांट इतक्यात करता येणार नाही, असे सांगितले. शेजारचे दात घासायला माझे मन तयार नाही. तो हसताना तोंडावर हात धरतो, आणि ते पाहवत नाही.

दंतवैद्य_पंचवटी
ताई, आपल्याला मिळालेला सल्ला योग्य आहे. जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी इम्प्लांट बसवला तर बाजूचे दात वाढीबरोबर खाली सरकतात आणि इम्प्लांट हाडात स्थिर असल्यामुळे वर अडकल्यासारखा दिसतो. या वयात दातातील नसेची पोकळीही मोठी असते, त्यामुळे पूर्ण कॅपसाठी दात घासणे टाळावे.

आपण मेरीलँड ब्रिजबद्दल विचारावे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या आरंभी विकसित झालेल्या पद्धतीवरून हे नाव पडले. यात कृत्रिम दाताला पातळ पंख असतात आणि ते शेजारच्या दाताच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला चिकटवतात. दात जवळजवळ घासावा लागत नाही. आता अनेकदा एकाच बाजूचा पंख पुरेसा मानतात. तो कधीतरी निघू शकतो, पण बहुधा स्वच्छ करून पुन्हा चिकटवता येतो आणि मूळ दाताची हानी होत नाही. आपल्या मुलासाठी पुढील काही वर्षे हा चांगला उपाय ठरू शकेल. मात्र खेळताना दातांवर संरक्षक पट्टी वापरायला सांगा.

मृण्मयी_इंदिरानगर
हा शब्द मी आज प्रथमच ऐकला. मनापासून आभार, डॉक्टर.

निफाडचा_शेतकरी
माझ्या वडिलांचे वय ७४ आहे आणि त्यांचे खालचे चार दात नाहीत. खासगी दवाखान्यात सांगितलेला खर्च द्राक्षाच्या या हंगामात आम्हाला झेपणारा नव्हता. आम्ही पंचवटीतील दंत महाविद्यालयात गेलो. तेथे विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक टप्पा अध्यापक तपासतात, त्यामुळे फेऱ्या अधिक होतात. आम्हाला सात वेळा जावे लागले. काम मात्र अतिशय काळजीपूर्वक झाले आणि खर्च बाहेरच्या निम्म्याहूनही कमी आला. वडिलांचे बाजूचे दात हलत होते, म्हणून तेथील अध्यापकांनी ब्रिजला स्पष्ट नकार दिला आणि काढता-घालता येणारी आंशिक कवळी दिली. ‘हलत्या दातावर ब्रिज बसवला तर तो दातही जाईल,’ हे त्यांनी आम्हाला आरशात दाखवून समजावले. ज्याला घाई नाही आणि ज्याच्या खिशाला मर्यादा आहे, त्याने हा मार्ग जरूर पाहावा.

सातपूरकर
सर्वांची मते आदराने वाचली. तरीही मला विचारायचे आहे की दात गेला म्हणजे तो भरलाच पाहिजे, असे का गृहीत धरायचे? माझी वरची शेवटची दाढ बारा वर्षांपूर्वी काढली. मी काहीही बसवलेले नाही आणि मला काहीही त्रास नाही.

दंतवैद्य_पंचवटी
आपला प्रश्न रास्त आहे. अक्कलदाढ किंवा अगदी शेवटची दाढ गेली, तर ती भरण्याची गरज पुष्कळदा नसते. पण पहिली दाढ ही चावण्यातील मुख्य दाढ आहे. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुधाचा कोणताही दात पडण्याची वाट न पाहता मागे उगवते, म्हणून पालकांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. प्रौढ वयात ती गमावलेली माणसे आम्हाला इतकी का भेटतात, याचे हे एक कारण आहे. ती गेल्यावर मागची दाढ पुढे कलू लागते आणि समोरच्या जबड्यातील दाढ रिकाम्या जागेत उतरू लागते. सर्वांच्या बाबतीत हे सारख्याच वेगाने होत नाही. नाशिकरोडकर यांनी वरची दाढ खाली आली आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. ती फार उतरली, तर ब्रिज किंवा इम्प्लांटच्या कॅपला उंचीच उरत नाही.

विजया_सिडको
ओझरकर दादांनी स्वच्छतेचा मुद्दा मांडला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून मी रोज काय करते ते लिहिते. ब्रिजमधील दात एकमेकांना जोडलेले असल्यामुळे साधा दोरा वरून खाली जात नाही. त्यासाठी सुपर फ्लॉस नावाचा दोरा मिळतो. त्याचे एक टोक सुईसारखे ताठ असते, मधला भाग स्पंजासारखा फुगीर असतो आणि उरलेला साधा दोरा असतो. ताठ टोक गालाच्या बाजूने कृत्रिम दाताखाली घालायचे, जिभेच्या बाजूने बाहेर ओढायचे आणि फुगीर भाग दाताच्या पोटाखालून पुढे-मागे फिरवायचा. त्यानंतर दोन्ही आधारदातांच्या कडेला तो टेकवून वर-खाली करायचा. मी हे रात्री जेवणानंतर करते, दोन मिनिटे लागतात. सुरुवातीला हिरडीतून थोडे रक्त येत असे, आठवड्याभरात थांबले.

जेथे फट मोठी आहे तेथे दातांमधला छोटा ब्रश वापरावा. माझ्या डॉक्टरांनी त्याचा आकार स्वतः घालून पाहून ठरवून दिला होता. टूथपिक मात्र कृपा करून वापरू नका. ती मोडून आत अडकते आणि हिरडी दुखावते.

ओझरकर
विजयाताई, हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर! माझा डाव्या बाजूला आणखी एक ब्रिज आहे. आजच मेनरोडवरून हा दोरा आणतो.

प्राध्यापिका_गंगापूररोड
साहित्याबद्दल एक अनुभव. मला नकली दागिन्यांनी कानाला पुरळ येते. धातू-सिरॅमिक कॅपच्या आतील मिश्रधातूत अनेकदा निकेल असते, हे मी वाचले होते, म्हणून आधीच सांगितले आणि झिर्कोनियाचा ब्रिज करून घेतला. तो महाग पडला, पण हिरडीला काही त्रास नाही. ज्यांना निकेलची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हे आवर्जून विचारावे. कोणता पदार्थ वापरला, याची नोंद असलेले प्रयोगशाळेचे कार्डही मागून घ्यावे. रंग ठरवताना मी डॉक्टरांना खिडकीजवळ नेले, कारण दिव्याच्या पिवळ्या उजेडात निवडलेला रंग दिवसा वेगळा दिसतो. त्यांनी ते आनंदाने मान्य केले.

देवळालीकर
सर्वांनी ब्रिजबद्दल लिहिले, पण नाशिकरोडकर यांच्यापुढे इम्प्लांटचाही पर्याय आहे. मला साठाव्या वर्षी इम्प्लांट बसवला. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनमधील ब्रॅनेमार्क यांनी शोधले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णावर वापरले, म्हणजे ही पद्धत आता नवखी राहिलेली नाही. मला स्क्रू बसवल्यावर कॅपसाठी साडेतीन महिने थांबावे लागले. मलाही मधुमेह आहे. डॉक्टरांनी साखर आटोक्यात येईपर्यंत शस्त्रक्रिया दोन महिने पुढे ढकलली, आणि ते योग्यच केले. तंबाखूची मिस्री लावण्याची सवय असेल तर ती आधी सोडावी लागेल. इम्प्लांट बसवला म्हणजे स्वच्छता संपली, असेही कोणी समजू नये. त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड सुजून तो गमावलेले माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत.

आणखी एक गोष्ट. माझ्या आरोग्य विम्यातून एक रुपयाही मिळाला नाही, कारण त्यात अपघाताशिवाय दातांचे उपचार समाविष्ट नव्हते. आपापली पॉलिसी आधी वाचून घ्यावी.

नाशिकरोडकर
जवळजवळ तीन महिन्यांनी परत लिहीत आहे. उशीर झाला, पण जे घडले ते सांगितल्याशिवाय हा धागा सोडणे मला योग्य वाटले नाही.

डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे मी मागच्या दाढेचे स्वतंत्र क्ष-किरण चित्र काढले आणि दुसऱ्या एका तज्ज्ञांना दाखवले. जुन्या रूट कॅनॉलमध्ये एका मुळात भरण टोकापर्यंत पोहोचलेलेच नव्हते आणि तेथे काळी सावली, म्हणजे मुळाशी संसर्ग असल्याची खूण, होती. मला काडीचेही दुखत नव्हते. शिवाय दाढ थोडी पुढे कलली होती. त्या अवस्थेत तिच्यावर ब्रिज टेकवला असता, तर दोन-तीन वर्षांनी तिच्यासाठी संपूर्ण ब्रिज कापावा लागला असता आणि घासलेली उपदाढ तशीच मागे राहिली असती. हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

त्या दाढेचे पुन्हा रूट कॅनॉल झाले, त्याला तीन बैठका लागल्या. आत भक्कम भराव घालून तिला तिची एकटीची कॅप बसवली. उपदाढेला कोणी हात लावलेला नाही. वरची दाढ किंचित उतरली आहे, पण अजून पुरेशी उंची शिल्लक आहे. मोकळ्या जागेसाठी त्रिमितीय स्कॅन केला. खालच्या नसेच्या वर इम्प्लांटपुरते हाड आहे आणि एचबीएवनसी ६.८ वर आले आहे. पैशांची जुळवाजुळव करून श्रावणाआधी इम्प्लांट करण्याचे ठरले आहे. मागची दाढ भक्कम निघाली असती, तर मी ब्रिजच निवडला असता, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

दंतवैद्य_पंचवटी
वाचून फार समाधान वाटले. नव्या कॅपचे सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढा आणि काळी सावली भरून येत आहे याची खात्री करून घ्या. स्कॅनची प्रत स्वतःजवळही ठेवा.

ओझरकर
काका, तुमचे वाचून मीही माझ्या डाव्या ब्रिजचे चित्र काढले. एका कडेखाली कीड नुकती सुरू झाली आहे. दात वाचेल, असे डॉक्टर म्हणाले. येत्या शनिवारी ब्रिज काढणार आहेत.